ब्लॉक कोपॉलिमर : कोंडलेल्या साखळ्यांचे स्फटिक कधी आणि कसे होतात?

मंदगती (धागाकर्ता)

मागच्या पॉलिमरच्या धाग्यावर मी ओझरतं लिहिलं होतं की पॉलिथिलीन ऑक्साइड एरवी चाळीस अंशांच्या आसपास गोठतं, पण तेच वीस-पंचवीस नॅनोमीटरच्या गोळ्यांत कोंडलं तर शून्याखाली वीस-तीस अंश गेल्याशिवाय दाद देत नाही. त्यावर काही जणांनी 'हे कसं शक्य आहे?' असं विचारलं. तिथेच उत्तर देत बसलो असतो तर मूळ चर्चा भरकटली असती, म्हणून हा वेगळा धागा.

आधी पात्रपरिचय. दोन वेगळ्या स्वभावाच्या साखळ्या टोकाला टोक लावून रासायनिक बंधाने जोडल्या की झाला ब्लॉक कोपॉलिमर. दोघींचं एकमेकींशी पटत नाही, पण काडीमोड घ्यायची सोयही नाही, कारण मधला बंध सुटत नाही. मग तेल-पाण्यासारखे दोन वेगळे थर न होता ही फारकत अगदी सूक्ष्म पातळीवर होते, साधारण १० ते १०० नॅनोमीटरच्या कप्प्यांत. एका ब्लॉकचं प्रमाण कमी असेल तर त्याचे गोळे होतात, थोडं वाढलं की लांबच लांब नळ्या, आणखी वाढलं की गायरॉइड नावाचं गुंतागुंतीचं जाळं, आणि दोघी समसमान असल्या की एकाआड एक थर. फारकत होणार की नाही हे फ्लोरी-हगिन्स अंक (दोन ब्लॉकमधलं वैर किती, त्याचं माप) आणि साखळीची लांबी यांच्या गुणाकारावर ठरतं. समसमान ब्लॉकसाठी हा गुणाकार १०.५ च्या वर गेला की कप्पे पडतात, हा लायब्लर यांचा १९८० चा हिशेब.

आता यातला एक ब्लॉक स्फटिक होऊ शकणारा घ्या, दुसरा न होणारा. वितळलेल्या अवस्थेत कप्पे आधीच पडलेले आहेत. तापमान उतरवत नेलं की पहिल्या ब्लॉकच्या साखळ्यांना घड्या घालून पातळ पत्रे करायचे असतात आणि ते पत्रे वाढवत न्यायचे असतात. समोर भिंत आहे दुसऱ्या ब्लॉकची. ती भिंत त्या घटकेला किती खमकी आहे यावर पुढचं ठरतं.

भिंत पॉलिस्टायरीनची असेल तर प्रश्नच मिटला. त्याचं काचसंक्रमण तापमान (ज्याच्या खाली ते काचेसारखं कडक होतं) १०० अंश सेल्सियसच्या आसपास, आणि पॉलिथिलीन ऑक्साइड वितळतं ६५ च्या आसपास. म्हणजे स्फटिक व्हायची वेळ येते तेव्हा भिंत केव्हाच काच होऊन बसलेली असते. जे काही व्हायचं ते आतल्या आत. भिंत रबरासारखी मऊ असेल तर मात्र दोन ब्लॉकमधलं वैर किती कडवं आहे ते पाहावं लागतं. बेताचं असेल तर स्फटिक भिंत मोडून बाहेर पडतात आणि गोळे-नळ्या पुसून टाकून आपले नवे थर रचतात. कडवं असेल तर मऊ भिंतीतही ते मुकाट्याने आत राहतात. या दोन्हींच्या मध्ये एक तिसरी गत आहे : नळ्या ढोबळमानाने शाबूत राहतात, पण अधूनमधून एखादा स्फटिक शेजारच्या नळीत घुसतो. लू, रजिस्टर आणि रायन यांनी २००२ मध्ये या तीन प्रकारांचा नकाशाच मांडला. तेव्हापासून या क्षेत्रातली मंडळी ब्रेकआउट (भिंत मोडून बाहेर), टेम्प्लेटेड (ही मधली गत) आणि कन्फाइन्ड (आतल्या आत) हेच शब्द वापरतात.

इतपत कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडेल. मला बोलायचंय ते पुढच्या भागाबद्दल, कारण तिथे हमखास चुकीचं कारण दिलं जातं. 'जागा अपुरी पडते म्हणून गोठायला जड जातं' असं सांगतात. जागेचा भाग आहे, पण दुय्यम. खरी मेख बीजात आहे, म्हणजे ज्यापासून स्फटिक वाढायला लागतो त्या पहिल्या ठिपक्यात.

एरवी कुठलाही द्रव गोठतो तो उसन्या बीजावर. धुळीचा कण, उत्प्रेरकाचा अवशेष, भांड्यावरचा ओरखडा, काहीही चालतं. पॉलिमरमध्ये अशा बीजाभोवती स्फेरुलाइट नावाचा गोल वाढत जातो. सूक्ष्मदर्शकाखाली १०० मायक्रॉन व्यासाचे स्फेरुलाइट दिसले तर एका घनसेंटिमीटरमध्ये साधारण २० लाख बीजं होती असं समजा. १० मायक्रॉनचे दिसले तर २०० कोटी.

आता हाच पदार्थ २५ नॅनोमीटर व्यासाच्या गोळ्यांत वाटा. एका गोळ्याचं घनफळ सुमारे ८,२०० घननॅनोमीटर. म्हणजे एका घनसेंटिमीटर मालाचे गोळे झाले १०च्या १७व्या घाताहून थोडे जास्त. बीजं २०० कोटी धरली तरी सहा कोटी गोळ्यांत एकाच्या वाट्याला बीज येणार. बाकीच्यांनी करायचं काय? त्यांना स्वतःचं बीज स्वतःच्याच साखळ्यांतून घडवावं लागतं. त्यासाठी प्रचंड अतिशीतन लागतं, म्हणजे वितळणबिंदूच्या बरंच खाली जाऊनही द्रवच राहणं. गोठणबिंदू इतका खाली का जातो, त्याचं कारण हे.

गोखी

वाचतेय. पुढचा भाग येऊ द्या.

कुतूहल

धागा काढल्याबद्दल आभार. अगदीच बाळबोध प्रश्न आहे. एका गोळ्यात बीज पडलं तर शेजारच्या गोळ्यांनाही त्याची लागण होत नाही का? एरवी तर तसंच होतं ना?

मंदगती

बाळबोध कसला, नेमका तोच प्रश्न आहे. एरवीचा माल म्हणजे वाळलेल्या गवताचा सलग डोंगर, एक ठिणगी पडली की वणवा पार पलीकडच्या उतारापर्यंत जातो. गोळ्यांचं तसं नाही. दोन गोळ्यांमध्ये कधीच स्फटिक न होणाऱ्या ब्लॉकची पाच-दहा नॅनोमीटरची भिंत आहे. ती ओलांडून स्फटिक जाऊ शकत नाही. त्यामुळे ज्याचं बीज त्याच्यापुरतं.

यातून एक मजेशीर गोष्ट निघते, ती बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. २० नॅनोमीटर जाडीचे थर आणि २० नॅनोमीटर व्यासाचे गोळे, दोन्हीकडे साखळीला अडचण सारखीच. पण थरातलं पॉलिथिलीन ऑक्साइड जवळपास नेहमीच्याच तापमानाला गोठतं आणि गोळ्यातलं त्याच्या कितीतरी खाली. कारण थर लांबवर सलग आहेत, एका बीजावर मोठा पट्टा उरकतो. गायरॉइडची भिंत तर तिन्ही दिशांना छिद्रांनी भरलेली, त्यामुळे तिथेही वाट मोकळी. म्हणून कप्पा किती अरुंद आहे यापेक्षा तो शेजाऱ्याशी जोडलेला आहे का, हे आधी विचारावं.

तर्कटी

छान लिहिलंय, पण एवढी बीजांची कथा कशाला? लहान कणाचा वितळणबिंदू घटतो हे गिब्ज-थॉमसन समीकरण पदवीच्या पोरांनाही पाठ असतं. पृष्ठभागाचं प्रमाण वाढलं, स्फटिक कमी स्थिर झाला, म्हणून तो खालच्या तापमानाला होतो. विषय संपला.

मंदगती

तर्कटी, मग तापवून बघा ना. गिब्ज-थॉमसन स्थिरतेबद्दल बोलतं. स्फटिकच कमी स्थिर झाला असेल तर गोठण्याचा आणि वितळण्याचा, दोन्ही बिंदू बरोबरीने खाली यायला हवेत. तसं होत नाही. गोळ्यातलं पॉलिथिलीन ऑक्साइड गोठतं उणे वीस-तीसला, आणि त्याच नमुन्याला परत तापवलं की वितळतं पन्नासच्या आसपास. वितळणबिंदू फार तर दहा-पंधरा अंश उतरला, गोठणबिंदू साठ-सत्तर. उतरलेले दहा-पंधरा अंश गिब्ज-थॉमसनच्या खात्यावर खुशाल टाका, कारण इतक्या थंडीत झालेले पत्रे पातळच असतात. बाकीच्या पन्नास-साठ अंशांचं काय? ते सगळे बीज पडण्याची वाट पाहण्यात गेले.

तर्कटी

बरं, मुद्दा घेतला. पण 'बीजाची वाट पाहतंय' आणि 'सगळंच संथ चाललंय' यात फरक कसा करणार? थंडीत साखळ्या आळसावतात. वाढच मंद झाली असेल तरी गोठायला उशीर होईलच की.

मंदगती

तापमान एका जागी धरून ठेवायचं आणि किती भाग स्फटिक झाला ते वेळेबरोबर मोजत जायचं. सलग मालात आलेख इंग्रजी एस अक्षरासारखा येतो : आधी काहीच नाही, मग एकदम वेग, मग सपाट. बीजं पडायला वेळ आणि गोल वाढायला वेळ असा दोन्हींचा तो मिलाफ. अव्रामी समीकरणात (स्फटिक झालेला भाग वेळेबरोबर कसा वाढतो त्याचं सूत्र) घातला तर घातांक तीन-चारच्या घरात येतो.

सुट्या गोळ्यांत सुरुवातीचा काहीच न घडण्याचा काळ नाहीच. पहिल्या क्षणी वेग सर्वांत जास्त, मग सतत घट. उरलेल्या गोळ्यांपैकी ठरावीक वाटा ठरावीक वेळात स्फटिक होतो, अगदी किरणोत्सर्गी पदार्थाच्या अर्धायुष्यासारखं. घातांक एक. याचा अर्थ एवढाच निघतो की गोळ्यात बीज पडलं की तो गोळा क्षणात पूर्ण होतो, आणि बीज कधी पडेल हा निव्वळ योगायोग. वाढ मंद असती तर आलेखाचा आकार असा आलाच नसता. लू, रजिस्टर आणि रायन यांनी २००० मध्ये पॉलिथिलीनच्या २५ नॅनोमीटर गोळ्यांवर हे दाखवलं. आणखी एक पुरावा तापमानाचा. काही अंश वर-खाली केले की हे अर्धायुष्य कित्येक पटींनी बदलतं. इतकी तीव्र उतरण बीजाच्या अडथळ्याचीच असते.

त्यांचं पॉलिथिलीन हायड्रोजनीकरण केलेल्या पॉलिब्युटाडाइनपासून केलेलं असतं, त्यात बाजूला छोट्या इथाइल फांद्या राहतात. म्हणून ते १०५-११० ला वितळतं, शुद्ध सरळ पॉलिथिलीनसारखं १३५ च्या वर नाही. हे मुद्दाम सांगतोय, नाहीतर आकडे ताडून बघताना गोंधळ होतो. गोळ्यांत ते गोठतं साठ-सत्तरच्या आसपास.

खडूफळा

ही कल्पना पॉलिमरवाल्यांची नाही, याची नोंद असावी. १९४८ मध्ये व्हॉनेगट यांनी वितळलेल्या कथलाचे बारीक थेंब करून ते किती अतिशीत होतात ते मोजलं. पाठोपाठ टर्नबुल यांनी पारा आणि इतर धातूंवर तेच केलं. तर्क साधा : थेंब बीजांच्या संख्येपेक्षा जास्त केले की बहुतेक थेंब बीजाविना उरतात. १९६२ मध्ये कॉर्मिया, प्राइस आणि टर्नबुल यांनी पॉलिथिलीनच्या थेंबांवर तोच प्रयोग केला आणि ते थेंब ८५ अंशांच्या आसपास येईपर्यंत गोठेनात. ढगातले सूक्ष्म थेंब उणे ३८ पर्यंत द्रव राहू शकतात, त्यामागेही हेच. ब्लॉक कोपॉलिमरची करामत एवढीच की थेंब करायला फवारणी लागत नाही, रेणू स्वतःच ते करून देतो, आणि सगळे जवळपास एकाच मापाचे.

गोखी

खडूफळा सर, +१. 'सगळे एकाच मापाचे' हेच फार महत्त्वाचं आहे. थेंब लहानमोठे असतील तर अर्धायुष्याचा आलेख स्वच्छ येत नाही.

सूक्ष्मदर्शी

एएफएमवाल्यांच्या (सुईच्या टोकाने पृष्ठभाग चाचपून चित्र काढणारा सूक्ष्मदर्शक) वतीने भर घालतो. वर जे आकडेमोडीतून सांगितलं ते डोळ्यांनी पाहता येतं. रायटर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये पॉलिथिलीन ऑक्साइडच्या गोळ्यांचा पातळ पापुद्रा घेऊन टॅपिंग पद्धतीने चित्रं काढली. स्फटिक झालेला गोळा कडक, न झालेला मऊ, त्यामुळे फेज चित्रात दोघांची छटा वेगळी येते. थंडीत थोडा वेळ ठेवलं की काही गोळे उजळतात, आणखी ठेवलं की आणखी काही. उजळलेल्याच्या शेजारचाच पुढे उजळेल असं अजिबात नाही, कुठलाही. मग तापवत नेलं की तेही एकेक करून विझतात. वितळण्याचं तापमान प्रत्येकाचं किंचित वेगळं, कारण आतला स्फटिक कमीजास्त नीट झालेला. डीएससीच्या (तापवताना-थंड करताना नमुन्यात उष्णता किती आत-बाहेर होते ते मोजणारं यंत्र) एका जाड शिखरात हे सगळं झाकलं जातं.

तर्कटी

चित्रं पटली. शेवटचा खडा टाकतो. गोळ्याला भिंत आहे. मग बीज आतल्या साखळ्यांतून आपोआप पडलं कशावरून, भिंतीला लागूनच पडलं नसेल कशावरून? भिंत हीसुद्धा परकी वस्तूच की.

मंदगती

हा प्रश्न खरोखर वादाचा आहे आणि लोक अजून त्यावर भांडतात. चाचणी अशी : कप्प्याचा व्यास निम्मा केला तर घनफळ आठपट घटतं, पृष्ठभाग चौपट. बीज आतल्या आत कुठेही पडत असेल तर दर घनफळाच्या हिशेबाने उतरेल, भिंतीवर पडत असेल तर पृष्ठभागाच्या. मासा आणि डालनोकी-वेरेस यांनी २००४ मध्ये पॉलिस्टायरीनवर सांडलेल्या पॉलिथिलीन ऑक्साइडच्या लहानमोठ्या थेंबांवर हे मोजलं आणि दर घनफळाबरोबर जाताना दिसला. पुढे २०१० मध्ये त्याच गटाने दाखवलं की बुडाचा पृष्ठभाग बदलला तर बीज पृष्ठभागावर किंवा थेंबाच्या कडेलाही पडू शकतं. म्हणजे उत्तर भिंत कसली आहे यावर अवलंबून.

ब्लॉक कोपॉलिमरमध्ये आणखी एक पेच आहे. प्रत्येक साखळीचं एक टोक भिंतीत अडकलेलं. २५ नॅनोमीटरच्या गोळ्यात, ब्लॉकचा रेणुभार दहा हजार धरला तर, साधारण साडेपाचशे साखळ्या येतात, आणि सगळ्याच खुंट्याला बांधलेल्या. भिंतीलगत त्यांची गर्दी आणि ताण वेगळा. म्हणून मी 'आपोआप बीज' म्हणतो तेव्हा उसनं बीज नाही एवढाच अर्थ घ्या. ते केंद्रात पडलं की काठावर, हे नुसत्या गोठणबिंदूवरून सांगू नये. तसं सांगणारे शोधनिबंध मी जरा साशंक नजरेनेच वाचतो.

उंटावरचा

साडेपाचशे साखळ्या, सहा कोटी गोळे, उणे तीस अंश... मी नुसता हजेरी लावून जातो.

क्ष_किरण

'आत राहिले की फुटून बाहेर आले' हे कसं कळतं त्याबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते. लहान कोनातलं क्ष-किरण प्रकीर्णन वितळलेल्या अवस्थेत आधी घ्यायचं, मग थंड करत करत. कप्पे शाबूत असतील तर शिखरांच्या जागा हलत नाहीत, उंची तेवढी बदलते, कारण स्फटिक झाल्यावर घनता वाढते आणि दोन ब्लॉकमधला फरक बदलतो. पॉलिथिलीनमध्ये द्रवाची घनता ०.८५ च्या आसपास आणि स्फटिकाची जवळपास १, म्हणजे फरक चांगलाच. फुटून बाहेर आले असतील तर जुनी शिखरं मावळतात आणि भलत्याच जागी एक रुंद शिखर उगवतं. सोबत मोठ्या कोनातलंही घ्यावं, त्यात साखळ्या कुठल्या दिशेला उभ्या आहेत ते कळतं. आणि घरगुती तपासणी हवी असेल तर ध्रुवित प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक : स्फेरुलाइटची फुली दिसली तर सलग वाढ झाली, समजून जा.

कुतूहल

साखळ्या कुठल्या दिशेला उभ्या राहतात हे ठरतं कशाने? थरात असतील तर थराला काटकोनात की थराच्या बाजूने?

क्ष_किरण

दोन्ही, आणि तापमानावर ठरतं. पॉलिस्टायरीनच्या थरांमध्ये कोंडलेल्या पॉलिथिलीन ऑक्साइडवर चेंग यांच्या गटाने २००० मध्ये हे काम केलं. खूप झपाट्याने गारठवलं तर दिशा अशी काही उरतच नाही. बऱ्यापैकी थंडीत गोठवलं तर साखळ्या थराला समांतर पडतात. वर जाल तशा तिरक्या, आणि तीस-पस्तीस अंशांच्या वर गोठवलं तर थराला काटकोनात उभ्या. काटकोनात उभ्या असतील तर स्फटिकाच्या वाढीच्या दिशा थराच्या पातळीत येतात आणि त्याला न अडखळता लांबवर वाढता येतं. सावकाश, जास्त तापमानाला होणाऱ्या वाढीत तीच मांडणी तरून जाते. नळ्यांमध्येही तेच तत्त्व : स्फटिकाची जलद वाढीची दिशा नळीच्या अक्षाला धरून राहते, आडवा वाढणारा लगेच भिंतीला थडकतो.

निळी_शाई

बराच वेळ नुसती वाचत होते, आता माझं गाऱ्हाणं. माझा नमुना पॉलिस्टायरीन आणि पॉलिथिलीन ऑक्साइडचा, दुसऱ्याचं प्रमाण साधारण १५ टक्के. म्हणजे गोळे अपेक्षित. द्रावणातून पापुद्रा पाडला, वाळवला, डीएससीत १० अंश प्रति मिनिट वेगाने थंड केला. एक शिखर ३६ ला आणि दुसरं उणे २४ ला. आमच्याकडे मत असं की नमुन्यात नुसतंच पॉलिथिलीन ऑक्साइड सुटं राहिलंय, संश्लेषण परत कर. परत करायच्या आधी काही तपासता येईल का?

मंदगती

संश्लेषणाला इतक्यात हात लावू नकोस. आधी उणे २४ चं शिखर खरं आहे का ते बघ. पॉलिथिलीन ऑक्साइड हवेतली ओल शोषतं आणि डीएससीच्या इवल्याशा भांड्यात पाणी नेमकं उणे पंधरा ते पंचवीसच्या दरम्यानच गोठतं. पुष्कळ जण या खड्ड्यात पडतात. तापवतानाचा आलेख काढ. शून्याच्या आसपास काही वितळताना दिसलं तर ते बर्फ. शून्याला चिडीचूप आणि पन्नासला शिखर असेल तर ते कोंडलेलं पॉलिथिलीन ऑक्साइडच.

निळी_शाई

शून्याला काहीच नाही. वितळण्याचं एकच शिखर, ५३ ला, खालच्या बाजूला थोडं पसरट.

मंदगती

मग दोन्ही शिखरं खरी आहेत. आता ३६ चं शिखर. सुटी साखळी हे एक कारण झालं, पण माझी पैज दुसऱ्यावर आहे. पापुद्रा द्रावणातून वाळवताना पॉलिस्टायरीन मध्येच थिजतं आणि कप्पे अर्धवट अवस्थेत अडकून पडतात. काही गोळे एकमेकांना चिकटून लांबुळके होतात, काही ठिकाणी नळ्यांची जाळी राहते. जो भाग जोडलेला आहे तो एका बीजावर ३६ ला उरकतो, जो सुटा आहे तो उणे २४ ला. म्हणजे दोन शिखरांखालच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर हे जोडलेल्या आणि सुट्या कप्प्यांचं ढोबळ गुणोत्तर आहे.

दोन गोष्टी कर. एक, नमुना ० अंशाला तास-दोन तास धरून ठेव आणि मग पुढे थंड कर. उणे २४ चं शिखर तसंच राहिलं तर ते बीजासाठीच अडलेलं आहे, नुसतं मंद नाही. दोन, नमुना १०० च्या बराच वर, नायट्रोजनखाली, चांगला वेळ भाज. हवेत भाजू नकोस, पॉलिथिलीन ऑक्साइड ऑक्सिजनने तुटतं. कप्पे नीट गोळे झाले तर ३६ चं शिखर आटेल. सुटी साखळी असेल तर आटणार नाही.

खडूफळा

भाजण्याआधी आणि नंतर प्रकीर्णनही घ्यावं. नाहीतर शिखर आटल्याचं कारण कप्पे सुधारले की पदार्थच तुटला, हे कळणार नाही. रेणुभारही एकदा तपासून घ्यावा.

तर्कटी

या सगळ्याचा उपयोग काय, हे विचारायची माझी पाळी. की नुसती करमणूक?

गोखी

बॅटरीतले घन इलेक्ट्रोलाइट घ्या. लिथियमचं मीठ घातलेलं पॉलिथिलीन ऑक्साइड आयन वाहून नेतं, आणि पॉलिस्टायरीनचा ब्लॉक कडकपणा देतो. आयन मुख्यतः अस्फटिक भागातूनच जातात. साखळ्या वळवळतात, आयन त्यांच्या आधाराने सरकतो. स्फटिक झाला की वाट बंद. म्हणून असे इलेक्ट्रोलाइट साठ अंशांच्या वर तापवून चालवावे लागतात. स्फटिक टाळता आले तर फायदा उघड आहे.

मंदगती

फायदा उघड आहे, पण इथेच धाग्याचा मुद्दा आडवा येतो. आयन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचे तर कप्पे सलग हवेत. आणि कप्पे सलग असले की एक बीज सगळ्यांना पुरतं, म्हणजे अतिशीतनाचा फायदा गेला. सुट्या गोळ्यांत स्फटिक टळतो, पण आयनही तिथेच अडकतो. त्यामुळे कोंडण्याने स्फटिक टाळू अशी आशा इलेक्ट्रोलाइटमध्ये फारशी धरू नये. तिथे साखळीच बिघडवावी लागते : मधे मधे दुसरा मोनोमर घालून, फांद्या काढून, किंवा मिठाचं प्रमाण जमवून.

निळी_शाई

केलं. ० अंशाला दोन तास धरून ठेवल्यावर ३६ चं शिखर पूर्ण, उणे २४ चं जसंच्या तसं. मग १५० ला नायट्रोजनखाली रात्रभर भाजलं. ३६ चं शिखर पार आटलं, एवढासा उंचवटा उरलाय. उणे २४ चं वाढलं आणि सरकून उणे २७ ला गेलं. रेणुभार बदललेला नाही. प्रकीर्णनात शिखरं आधीपेक्षा टोकदार. पण आता ० आणि उणे १० च्या मध्ये एक बारीकसा, पसरट फुगवटा दिसतोय, तो आधी नव्हता, किंवा मोठ्या शिखराच्या शेपटीत लपला असेल. हा काय प्रकार?

क्ष_किरण

दोन-चार गोळे जोडलेल्या छोट्या साखळ्या असतील तर घनफळ किंचित मोठं, म्हणून किंचित आधी गोठतील. पण त्याने दोन-तीन अंशांचाच फरक पडावा, वीसचा नाही.

मंदगती

क्ष_किरण म्हणतात ते बरोबर, घनफळाने एवढं अंतर भरून निघत नाही. मधलं तापमान म्हणजे मधल्या ताकदीचं बीज. उत्प्रेरकाचा अवशेष किंवा पापुद्र्याचा उघडा पृष्ठभाग, दोन्ही शक्य आहेत. पृष्ठभागावरच्या गोळ्यांना एका बाजूला भिंत नसून हवा असते. वेगळं काढायला सोपं आहे : त्याच मालाचा एक पातळ आणि एक जाड तुकडा घे, वजन सारखं ठेव. फुगवटा पातळ तुकड्यात मोठा आला तर पृष्ठभागाचा, दोन्हीकडे सारखाच आला तर अवशेषाचा. तुकडे भाजलेल्याच मालाचे घे, आणि थंड करण्याचा वेग बदलू नकोस.